कोकणच्या बंदरांना स्वतःची बचावबोट द्या : महाराष्ट्र सागरी मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र सागरी मंडळ,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग,
तसेच पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

दरवर्षी १ जूनला आपल्या किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी थांबते. होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर ताडपत्र्या आणि झावळ्या चढतात, आणि ३१ जुलैपर्यंत, खरे तर नारळी पौर्णिमेचा नारळ पडेपर्यंत, गावची बोट पाण्यात दिसत नाही. मासळीच्या विणीसाठी आणि माणसांच्या जिवासाठी ही बंदी योग्यच आहे. तिच्याविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. पण जहाजांना अशी बंदी नसते. कोळशाचे बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नौका), तेलाची जहाजे, इतर जहाजे ओढणारे टग भर पावसाळ्यातही आपल्या किनाऱ्याने ये-जा करतात किंवा बंदराबाहेर नांगर टाकून उभे असतात. म्हणजे दर्या ज्या दोन महिन्यांत सर्वांत जास्त खवळतो, नेमक्या त्याच दोन महिन्यांत बुडत्या जहाजाकडे धावून जाईल अशी बोट आपल्या कोळीवाड्यात नसते. बोट चालवणारी माणसे असतात. दर्याची नस ओळखणारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, असतात. ते किनाऱ्यावर उभे राहून बघत असतात.

माझी मागणी सुरुवातीलाच मांडतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, निदान मोठ्या खाड्यांच्या मुखाशी, बाराही महिने पाण्यात उतरायला तयार असलेल्या बचावबोटी हव्यात. त्यांच्यावरची माणसे त्याच गावची असावीत. त्यांना रीतसर शिक्षण, सरावाचे मानधन आणि विमा मिळावा. मी अलिबाग तालुक्यातला. उमेदीची वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे जहाज संकटात कसे सापडते आणि किनारा डोळ्यांसमोर असूनही माणूस कसा मरतो याचा विचार मी फार वर्षे करत आलो आहे. एका जहाजाची हकीकत आपल्याला सविस्तर सांगितली पाहिजे असे मला वाटते, कारण या विषयातले जवळजवळ सगळे प्रश्न तिच्यात आहेत.

'सॅमटाम्पा' हे मालवाहू वाफेचे जहाज. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईघाईने बांधलेल्या लिबर्टी जातीच्या २,७०० हून अधिक जहाजांपैकी एक, १९४३ मधले. आकार ७,२१९ ग्रॉस टन, इंजिन २,५०० अश्वशक्तीचे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की जाणकाराच्या लगेच ध्यानात येईल. एवढ्या मोठ्या धुडाला एवढे इंजिन शांत पाण्यात पुरते. समोरून झंझावात आला की पुरत नाही. एप्रिल १९४७ मध्ये हे जहाज इंग्लंडच्या ईशान्येकडील मिडल्सब्रोहून वेल्समधल्या न्यूपोर्टकडे निघाले होते. पोटात माल नव्हता. रिकामे जहाज पाण्यावर उंच राहते, त्याची उभी बाजू शिडासारखी वारा धरते आणि जहाज ढकलणारा पंखा पुरेसा बुडत नाही. त्यामुळे इंजिन फिरत राहते, पण जहाज पुढे सरकत नाही. मालाने भरलेल्या जहाजापेक्षा वादळात रिकाम्या जहाजावर मला नेहमी जास्त धास्ती वाटत आली.

२३ एप्रिल १९४७ रोजी ब्रिस्टलच्या खाडीत सॅमटाम्पाला वादळाने गाठले. ही खाडी नरसाळ्यासारखी आत निमुळती होत जाते आणि तिथल्या भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी आहे. पश्चिमेचा वारा जहाजाला किनाऱ्याकडे रेटू लागला. इंजिन त्याला पुरे पडेना, तेव्हा कप्तानाने नांगर टाकले. एक साखळी तुटली. मग दुसरीही तुटली. त्यानंतर जहाजाच्या हातात काहीच उरले नाही. संध्याकाळी ते पोर्थकॉल गावाजवळ स्कर पॉइंटच्या खडकांवर जाऊन आदळले आणि काही वेळातच त्याचे तीन तुकडे झाले.

किनारा समोर होता. लोक जमले होते. दोर फेकणारे रॉकेट घेऊन किनारा-बचाव पथक खडकांवर पोहोचले होते. जहाजापर्यंत दोर पोहोचला, की त्याच्या आधाराने एकेक माणूस ओढून आणता येतो. ही पद्धत तेव्हाही जुनीच होती आणि तिने असंख्य खलाशी वाचवले होते. पण त्या संध्याकाळी वारा समोरून होता, अंतर जास्त होते, दोर पोहोचला नाही. जहाजाच्या टाक्या फुटून जळणाचे जाड तेल पाण्यावर पसरले. जहाजावर ३९ जण होते, ते सगळे गेले. मृतदेह किनाऱ्याला लागले ते त्या तेलाने माखलेले. काहींची ओळखही पटली नाही. त्यांना पोर्थकॉलमध्येच पुरले.

स्वॉन्झी उपसागराच्या दुसऱ्या टोकाला मम्बल्स नावाचे गाव आहे. तिथे बचावबोट होती, 'एडवर्ड, प्रिन्स ऑफ वेल्स' नावाची. तिचा तांडेल विल्यम गॅमन. या माणसाबद्दल थोडे अधिक सांगतो. ऑक्टोबर १९४४ मध्ये 'चेबोग' ही कॅनडाची युद्धनौका, जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो बसलेली, ओढत आणताना याच उपसागरात वादळात अडकली. गॅमनने आपली छोटी बोट काळोखात, फुटणाऱ्या लाटांतून, पुन्हा पुन्हा त्या नौकेच्या अंगाला नेऊन लावली आणि ४२ माणसे उतरवून घेतली. तरुण पोरे युद्धावर गेलेली असल्यामुळे त्याच्याबरोबरच्या खलाशांत सत्तरी ओलांडलेले दोघे होते. त्या कामगिरीसाठी बचावबोटी चालवणाऱ्या संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले होते.

तोच गॅमन २३ एप्रिलच्या संध्याकाळी सात खलाशांना घेऊन निघाला. पहिल्या फेरीत जहाज सापडेना. किनाऱ्याशी धड बोलणे होईना. आजच्यासारखे साधन हाताशी नव्हते. म्हणून तो परत धक्क्याकडे आला, जहाजाची नेमकी जागा विचारून घेतली आणि सातच्या सुमारास पुन्हा बाहेर पडला. या येण्याजाण्यात गेलेला वेळ मला फार सलतो. त्यानंतर काय झाले ते कोणी पाहिले नाही. सकाळी बचावबोट सॅमटाम्पाच्या अवशेषांपासून जवळच खडकांवर उलटी पडलेली सापडली. आठही जण गेले होते. बोट उलटल्यावर आपोआप सुलटी होण्याची सोय तिच्यात नव्हती.

एका रात्रीत ४७ माणसे. आणि आता मला जे महत्त्वाचे वाटते ते. एका छोट्या गावातले आठ कर्ते पुरुष एकाच वेळी गेल्यावर बचावबोटीचे ठाणे बंद पडायला हवे होते. ते बंद पडले नाही. त्याच गावातून नवे खलाशी उभे राहिले, त्याच वर्षी नवी बोट आली आणि तिला विल्यम गॅमनचे नाव दिले गेले. हे नुसत्या शौर्याने होत नाही. शौर्य आपल्या कोळीवाड्यांतही रगड आहे. तिथे शौर्याच्या मागे एक संस्था उभी होती. रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही संस्था १८२४ मध्ये स्थापन झाली आणि ती मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. बोट संस्थेची, बोटीचे घर आणि बोट पाण्यात सोडायचा उतार संस्थेचा, इंजिनाची निगा ठेवायला माणूस संस्थेचा. खलाशी बहुतेक सगळे स्वयंसेवक, गावात आपापले धंदे करणारे. बोटीवर कोणी दगावला तर त्याच्या घरच्यांना निवृत्तिवेतन मिळते. आज ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर संस्थेची २३० हून अधिक ठाणी आहेत आणि दोनशे वर्षांत तिने १,४०,००० पेक्षा जास्त जीव वाचवले आहेत.

संस्था अपघातांतून शिकत गेली, हेही सांगितले पाहिजे. १९६९ मध्ये ऑर्कने बेटांजवळ 'आयरीन' या मालवाहू जहाजाकडे निघालेली लाँगहोपची बचावबोट उलटली आणि आठही खलाशी गेले. त्याच रात्री त्या जहाजावरची १७ माणसे मात्र किनाऱ्यावरून दोर टाकून सुखरूप उतरवली गेली. पुढच्याच वर्षी फ्रेझरबर्गची बोट उलटली. त्यानंतर आपल्या सगळ्या बोटी उलटल्यावर स्वतःहून सुलट्या होणाऱ्याच असाव्यात, असे धोरण संस्थेने ठरवले. गॅमनच्या खलाशांना जे मिळाले नाही ते पुढच्यांना मिळाले.

आता आपल्याकडे येतो.

सॅमटाम्पा बुडाल्याला तीन महिनेही झाले नव्हते. १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्या. स्वातंत्र्याला महिना उरला नव्हता. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. परळ-लालबागला गिरणीत राबणारी, सणासाठी, शेतीच्या कामासाठी गावाकडे निघालेली माणसे. आमच्या तालुक्यात अशी गावे आहेत जिथे त्या दिवसाचा विषय निघाला की अजून घरातले कोणीतरी उठून आत जाते. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. सकाळी बोट बुडाली आणि मुंबईला पत्ता लागला तो दुपार कलल्यावर, तोही पोहत पोहत गेटवेपर्यंत पोहोचलेल्या एका लहान पोरामुळे. तोपर्यंत जे काही केले ते रेवसच्या कोळ्यांनी. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या त्यांच्या होड्या तिथे पोहोचल्या. त्यांनी मासळी पाण्यात लोटून दिली आणि होडीत जेवढी माणसे मावतील तेवढी ओढून घेतली.

मम्बल्सला तयार बोट होती, पण जहाज कुठे आहे ते कळेना. रेवसला माणसे होती, पण बोट बुडाल्याचे सांगणारे कोणी नव्हते, आणि ज्यांनी वाचवले ते केवळ योगायोगाने त्या वाटेवर होते. जी मासेमारीची बंदी आज आहे ती त्या दिवशी असती, तर त्या होड्याही तिथे नसत्या. आता होड्या वर ओढायला सांगणारे आपण आहोत, तर त्यांच्या जागी पाण्यात काय ठेवायचे हेही आपल्यालाच ठरवावे लागेल.

ही जुनी गोष्ट झाली, आता तटरक्षक दल आहे, असे कोणी म्हणेल. आहे, आणि त्याच्याबद्दल मला अत्यंत आदर आहे. १७ जून २०२१ रोजी रेवदंड्यासमोर 'मंगलम' हे जहाज बुडू लागले तेव्हा दिघीहून निघालेली तटरक्षक दलाची नौका आणि दमणहून उडालेली चेतक हेलिकॉप्टरे यांनी १६ च्या १६ माणसे बाहेर काढली. ही कामगिरी उत्तमच होती. पण नकाशा पुढे घ्या. दमण ते रेवदंडा सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर. त्या दिवशी उजेड होता आणि जहाजाने वेळ दिला. जुलै २०२४ मध्ये अलिबागसमोर, कुलाबा किल्ल्याच्या जवळ एक बार्ज भरकटून अडकला. त्यावर १४ माणसे होती. किनाऱ्यावरून तो दिसत होता. त्या माणसांनी रात्र बार्जवरच काढली आणि दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने त्यांना उचलले. सगळे वाचले, म्हणून आपण तो प्रसंग विसरून गेलो. सॅमटाम्पा आदळल्यावर काही वेळातच तुटले होते. त्या बार्जच्या बाबतीत तसे झाले असते तर सकाळची वाट बघायला कोणी उरले नसते.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा निवासी बार्ज नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. ७० हून अधिक माणसे गेली. तिथे खोल समुद्रात गावची बोट काही करू शकली नसती, हे मी जाणतो. ते काम नौदलाचे आणि तटरक्षकांचेच, आणि नौदलाने तिथे शर्थ केली. माझी मागणी किनाऱ्यालगतच्या पट्ट्यापुरती आहे, जिथे मोठी नौका उथळ पाण्यामुळे येऊ शकत नाही आणि हेलिकॉप्टर हवेवर अवलंबून असते. जिथे खडक कुठे आहे, वाळूचा बांध यंदा कुठे सरकला आहे, ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी लाट कशी उभी राहते, हे फक्त तिथल्या माणसाला ठाऊक असते.

आणि किनाऱ्यावरूनही किती करता येते ते रत्नागिरीने दाखवले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात 'बसरा स्टार' हे तेलवाहू जहाज नांगर सुटून मिऱ्याच्या बंधाऱ्यावर आले. गावकरी, पोलीस आणि इतर यंत्रणा यांनी मिळून त्यावरची १३ माणसे उतरवून घेतली. जहाजाचा सांगाडा पुढे वर्षानुवर्षे तिथेच पडून राहिला आणि त्याच्याविषयी पुष्कळ छापून आले. त्या १३ माणसांना उतरवणाऱ्यांचे पुढे काय झाले? त्यांची नावे कोणी नोंदवली का, त्यांना दोर फेकायचे साधे यंत्र तरी दिले का, पुढच्या वादळासाठी त्यांचा एखादा सराव घेतला का? ते जहाज कापून भंगारात गेले की संपते. ते लोक आणि तो अनुभव मात्र शासनाच्या दप्तरी यायला हवा होता.

मी काय मागतो आहे ते आता नेमके सांगतो. एवढा लांब किनारा एका वर्षात झाकता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण सातपाटी, मांडवा-रेवस, रेवदंडा, हर्णै, जयगड, मिरकरवाडा, देवगड, मालवण अशा मोजक्या ठिकाणांपासून सुरुवात होऊ शकते. बोट खवळलेल्या पाण्यात टिकणारी आणि उलटली तर स्वतः सुलटी होणारीच असावी. गस्तीसाठी आणलेली स्पीडबोट तिथे नेमून 'बचावबोट' असा फलक लावू नये. तसे केलेत तर पहिल्याच पावसात आपलीच माणसे गमवाल. बोटीबरोबर तिच्या निगेसाठी कायम पगारावर एक मेकॅनिक हवा. आपल्याकडे नव्या बोटी कोऱ्या येतात आणि सुट्या भागांअभावी जेटीला बांधून गंजतात. एंजिन खात्यात हात काळे केलेल्या माणसाला हे बघवत नाही. प्रत्येक ठाण्यावर दोर फेकणारे यंत्र आणि ते चालवणारे आठ-दहा शिकलेले हात हवेत, कारण मिऱ्यासारख्या जागी बोटीपेक्षा दोर लवकर पोहोचतो. आणि व्हीएचएफ रेडिओ, बोटीवर आणि ठाण्यावर, संकटाची हाक येते त्या १६ नंबरच्या चॅनलवर चोवीस तास ऐकणारा, मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राशी जोडलेला. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की ठाण्यावर माणसे हजर, असा नियम असावा.

खलाशी कुठून आणायचे, हा प्रश्न मला कोणी विचारू नये. कोळी, भंडारी, गाबित, खारवी, दालदी या समाजांतून हव्या त्या संख्येने मिळतील. सागर रक्षक दलात हीच माणसे किनाऱ्यावर लक्ष ठेवतात. बंदीच्या दोन महिन्यांत त्यांना दुसरे उत्पन्न नसते. सरावाचे आणि हजेरीचे मानधन त्यांना उपयोगी पडेल. पण मानधनापेक्षा मोठी गोष्ट विम्याची आहे. आज एखादा तांडेल आपणहून बोट काढून कोणाला वाचवायला गेला आणि परत आला नाही, तर त्याच्या बायकोने कोणत्या कार्यालयाची पायरी चढायची? त्याची बोट फुटली तर भरपाई कोण देणार? बंदीच्या काळात बोट पाण्यात घातली म्हणून उलट त्याच्यावरच कारवाई होणार नाही, याची लेखी हमी तरी त्याला आहे का? वाचवायला जाणाऱ्याच्या मनात हे प्रश्न त्या क्षणी येत नसतील. त्याच्या घरच्यांच्या मनात मात्र येतात.

या मागणीवर एक खरा आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. सॅमटाम्पाच्या रात्री बचावबोट निघाली नसती तर ३९ च माणसे गेली असती, ४७ नव्हे. मग आपल्या पोरांना त्या तोंडी का द्यायचे? माझे उत्तर असे, की आपली पोरे आजही वाचवायला जातातच. रामदासच्या वेळी गेली, मिऱ्याला गेली. किनाऱ्यावरून माणूस बुडताना दिसला की कोळ्याला थांबवता येत नाही. आज ती जातात ती मासेमारीच्या होडीतून, अंगावर जीवरक्षक जाकीट असेल-नसेल अशा अवस्थेत, रेडिओ नसताना, कोणाला न कळवता. मला ते जाणे सुरक्षित करून हवे आहे. बोटीने कधी निघायचे आणि कधी निघायचे नाही, हा निर्णयही शिकलेल्या तांडेलाच्या हाती असावा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून फोन करून त्याला ढकलू नये.

या पत्रातून एवढीच विनंती करतो. येत्या १ जूनच्या आत मांडवा-रेवस येथे पहिले ठाणे प्रायोगिक म्हणून मंजूर करावे. मुंबई बंदराच्या तोंडाशी, प्रवासी लाँच आणि मालवाहू बार्ज दोन्हींच्या वाटेवर, काशाच्या खडकापासून जवळ, यापेक्षा योग्य जागा मला दिसत नाही. खर्चाचा अंदाज आणि जागेची पाहणी करण्यासाठी सागरी मंडळ, मत्स्यव्यवसाय विभाग, तटरक्षक दल आणि स्थानिक मच्छीमार सोसायट्या यांची एक बैठक रेवसलाच बोलवावी, मंत्रालयात नको. गावातल्या म्हाताऱ्या तांडेलांना तिथे बोलायला पुरेसा वेळ द्यावा. बैठकीच्या तारखेचे लेखी उत्तर आपल्यापैकी कोणत्याही कार्यालयाकडून आले तरी मला चालेल. ते मी सोसायटीच्या फळ्यावर लावीन आणि लोकांना घेऊन येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जहाज-कर्मचारी,
ता. अलिबाग, जि. रायगड